सहावीचा झेंडा

आई गेल्याच्या नवव्या दिवसाची प्रार्थना संपली, अंगणातल्या खुर्च्या आवरायला बायका उठल्या, आणि नेरेइदाने हातातल्या कपातली कॉफी तोंडाला लावण्याआधी उंबऱ्यावर सांडली. थोडी, मग आणखी थोडी, मग आणखी. हात आपसूक वळला होता. आई रोज सकाळी असंच करायची. गेलेल्या माणसांना पहिला घोट देऊन मग स्वतः प्यायची. फक्त ती दार लावून घ्यायची.

त्या संध्याकाळी दार उघडं होतं, आणि उंबऱ्यापलीकडे खुर्चीत खुर्ची घालत शेजारच्या सिओमाराबाई, गावाच्या भाषेत दोन्या सिओमारा, उभ्या होत्या.

"सांडली का गं?" त्या म्हणाल्या.

"हात थरथरला."

"थरथरणारच. आई गेली म्हणजे काय चेष्टा आहे?" त्यांनी उंबऱ्यावरच्या ओल्या डागांकडे पाहिलं. "तीनदा थरथरला मात्र."

मग हसून त्यांनी नेरेइदाच्या गालावरून हात फिरवला आणि खुर्च्या घेऊन निघून गेल्या.

उंबऱ्याला कॉफी पाजायची रीत पलीकडच्यांची. पलीकडच्या म्हणजे सीमेपलीकडच्या, हैतीतल्या लोकांची. गावात हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. नेरेइदाची आई मेर्सिलिआ ऊसतोड मजुरांच्या वस्तीत, बातेयमध्ये जन्मली होती. तिचे आईबाप ऊस तोडायला पलीकडून आणलेले. कोवळ्या वयात ती वस्ती सोडून गावात घरकामाला आली, आणि आल्या दिवसापासून आपण दक्षिणेकडच्या, आसुआच्या, असं सांगत राहिली. दर शनिवारी चुलीवर लोखंडी फणी तापवून आधी लेकीचे आणि मग स्वतःचे केस सरळ करायची. या देशात काळं कुणी नसतंच. कुणी गव्हाळ, कुणी दालचिनीच्या रंगाचं, अगदीच असेल तर करपलेलं इंदिओ, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या वंशाचं. काळे ते फक्त पलीकडचे. मेर्सिलिआ जन्मभर करपलेली इंदिओ राहिली आणि तिने लेकीला शिक्षिका केलं.

शेवटच्या आजारात मात्र तिची जीभ मागे फिरली. ज्या भाषेतला एक शब्द तिने कधी घरात उच्चारला नव्हता, त्याच भाषेत ती आपल्या मेलेल्या आईशी बोलू लागली, मध्येच गाऊ लागली. तिला वारा हवा होता. नेरेइदा खिडक्या लावून, पुठ्ठ्याने वारा घालत, तिच्या उशाशी बसून राहिली. एवढं सांभाळलं, आणि शेवटी स्वतःच्याच हाताने उघड्या दारात कॉफी ओतली.

घाबरण्यासारखं होतं का? होतं. आदल्या वर्षी कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला पलीकडच्यांना धरून नेणाऱ्या सरकारी जाळीच्या गाडीने नेलं. ती इथेच जन्मलेली, तिची मुलंही इथलीच. दुकानातून तेल घेऊन परत येत होती. तिच्या घरातला स्टोव्ह शेजाऱ्यांनी जाऊन बंद केला. तिला सीमेपलीकडे नेऊन सोडलं, एवढं कळलं. पुढचं काही कळलं नाही. तिथे तिचं कुणी नव्हतं आणि तिला तिथली भाषाही धड येत नव्हती.

दोन्या सिओमारांचा धाकटा दीर त्या गाडीवर होता.

*

दर वर्षी सत्तावीस फेब्रुवारीला, स्वातंत्र्यदिनी, गावातून शाळेची मिरवणूक निघे. सर्वांत पुढे देशाचा झेंडा, त्याला सगळे सहावीचा झेंडा म्हणत. तो सहावीत पहिल्या आलेल्या मुलाने किंवा मुलीने धरायचा, आणि वर्गशिक्षिकेने तो काठीला बांधून स्वतःच्या हाताने त्या मुलाच्या हातात द्यायचा, ही शाळेची पहिल्यापासूनची पद्धत. मुख्याध्यापकही त्याला हात लावत नसत. झेंडा हलला की रांगा हलायच्या, झेंडा थांबला की थांबायच्या. त्याची तालीम महिनाभर चाले.

त्या वर्षी पहिली आली मिर्लांद. बातेयमधली. बाप ऊसतोड्या, आई आनित रस्त्यावर भाजलेले शेंगदाणे विकायची. दुसरी आली यारित्सा, दोन्या सिओमारांची मुलगी.

एरवी कुणी कुरकुर केली असती आणि गप्प बसलं असतं. पण हा देश स्वतंत्र झाला तो हैतीपासून, आणि त्याच दिवसाचा झेंडा पलीकडच्यांच्या पोरीच्या हातात जाणार होता. पालकांची सभा भरली तेव्हा वर्गात बाकं पुरली नाहीत.

"आमच्या मनात काही नाही हां," एक गृहस्थ म्हणाले. "माझी आजी माझ्यापेक्षा काळी होती."

"तुझी आजी इंदिओ होती रे. ते वेगळं."

"मार्क पडले, चांगलंच आहे. पण मिरवणुकीत मार्क दिसतात का? दिसतात ते केस!"

हशा पिकला. मुख्याध्यापक एवारिस्तो सर रुमालाने मान पुसत होते. भला माणूस, निवृत्तीला आलेला आणि कुणाशी वाकडं नको असलेला. ते म्हणाले, "तसं नाही. झेंडा धरणाऱ्याने जरा नीटनेटकं दिसावं, एवढीच पालकांची अपेक्षा दिसते. ते केस... त्या केसांवर टोपी तरी बसेल का? काय म्हणता, बाई?"

सगळ्यांनी नेरेइदाकडे पाहिलं. दोन्या सिओमारा पहिल्या बाकावर बसल्या होत्या, हातपंखा हलवत. त्यांची नजर नेरेइदाच्या केसांवर होती, शनिवारी सरळ केलेल्या, मागे घट्ट बांधलेल्या केसांवर.

नियम नियम आहे, पहिली ती पहिली, एवढंच म्हणायचं होतं.

"केसांचं मी बघते," नेरेइदा म्हणाली.

"वा!" दोन्या सिओमारा म्हणाल्या. "बाईंना त्यातलं कळतं."

*

शनिवारी दुपारी मिर्लांद एकटीच चालत आली. नेरेइदाने आईची फणी ट्रंकेतून काढून चुलीवर ठेवली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या केसांसाठी तापत होती. कागदाला लावून बघितली. कागद तपकिरी झाला की थोडं थांबायचं, हे हाताला ठाऊक होतं.

"बाई, दुखेल?"

"हललीस तर. कान धर. खाली दाबून धर."

"असा?"

"असा. आणि बोलू नकोस."

मिर्लांदला न बोलणं जमण्यासारखं नव्हतं. "बाई, यारित्सा म्हणते, मी झेंडा धरला तर तो रडेल. झेंडा कसा रडेल? मी म्हटलं, तुझं नाक पुसायला आधी रुमाल आण. मग तिने मला ढकललं. मग मीपण ढकललं. थोडंच. बाई, वास येतोय."

"येणारच. मान खाली."

फणी केसांतून गेली की वाफ निघायची आणि केस सुटून पाठीवर पडायचे. नेरेइदाच्या नाकातोंडात तो वास भरला. कितीतरी शनिवार ती स्वतः याच स्टुलावर कान धरून बसली होती आणि मागून आईचा श्वास ऐकू यायचा, जरा धाप लागल्यासारखा. आईला तेव्हा कसली धाप लागायची ते तिला आज कळलं. काम फार कष्टाचं नव्हतं. हात भीतीने चालत होता.

काम झाल्यावर पोरीने आरशात पाहिलं. डोकं या बाजूला केलं, त्या बाजूला केलं.

"बाई, मी कुणासारखी दिसते सांगू?"

"कुणासारखी?"

"तुमच्यासारखी. अगदी तुमच्यासारखी!"

नेरेइदाने आरसा तिच्या हातातून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्याच वेळी दार वाजलं.

दोन्या सिओमारा होत्या. हातात झाकलेलं भांडं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत घरोघरी घेवड्याची गोड खीर होते आणि शेजारीपाजारी वाटली जाते; त्यांनी ती आणली होती, वर बिस्किटं खोचून. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी भांडं ठेवलं, चुलीवरच्या फणीकडे पाहिलं, मिर्लांदकडे पाहिलं.

"अगंबाई! ओळखूच आली नाही. जा राणी, बाहेर खेळ जरा."

मिर्लांद अंगणात गेली. दोन्या सिओमारा स्टुलावर बसल्या, जिथे ती बसली होती तिथेच.

"खा ना गं. वाळलीस किती! आई गेल्यावर माणूस असं होतं." त्या थांबल्या. "तुझी आई कुठली म्हणायची गं? आसुआची ना?"

"हो."

"माझी मावशी आसुआत असते. परवा फोनवर बोलणं निघालं. म्हटलं, मेर्सिलिआ म्हणून आमची शेजारीण गेली, तुमच्याकडचीच. तिला कुणी आठवेना."

"आई लहानपणीच आली इकडे."

"हो ना," दोन्या सिओमारा म्हणाल्या. "लहानपणीच येतात."

नेरेइदाच्या हातात चमचा होता. खिरीतली लवंग दाताखाली आली आणि तोंड कडू झालं. तिने ती गिळली.

"माझा दीर म्हणत होता, सत्तावीसला चौकात गाडी लावणार. गर्दी असते ना. बातेयची माणसंही येतील पोरीला बघायला, हौसेने. मला त्या पोरीची काळजी वाटते गं. आणि तुझी. तू एकटी." त्यांनी पुढे वाकून नेरेइदाच्या मनगटावर हात ठेवला. हात ऊबदार होता. "झेंडा तू देणार. तू फक्त तो यारित्साच्या हातात दे. कुणी काही विचारणार नाही. पोर तिच्या घरी, तू तुझ्या घरी. बाईमाणसाने तरी कशाकशाशी झगडायचं?"

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, हलकेच, घरात कुणी आजारी असावं तसं.

*

त्यानंतर नेरेइदाची झोप गेली. रस्त्यावर मोठं इंजिन वाजलं की ती उठून बसायची. दुकानात रांगेत उभं राहताना मागे कोण आहे ते बघायची. शेजारी गप्पा मारताना तिला पाहून थांबतात असं वाटायचं. कधी थांबतही होते. शाळेत एवारिस्तो सरांनी दोनदा विचारलं, "मग बाई, कसं करायचं ठरलं?" जणू ठरवणारे ते नव्हतेच. तिने दोन्ही वेळा "बघू" म्हटलं.

एकदा तिने मनाशी मांडून पाहिलं. झेंडा यारित्साला दिला तर एक मुलगी दोन दिवस रडेल. मिर्लांदला दिला तर गाडी. सरळ हिशोब. आईने हाच मांडला असता, आयुष्यभर तिने हाच मांडला होता. त्यात चूक काही सापडत नव्हती, आणि तरी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीवर मिर्लांदची नजर जाणवायची. तिला अजून काही माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत ती झाडूचा दांडा धरून व्हरांड्यात चालायचा सराव करायची.

उत्सवाच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना आनित फाटकाशी उभी होती. डोक्यावर शेंगदाण्यांची टोपली, ती उतरवून खाली ठेवायलाही ती तयार नव्हती.

"बाई, तिला ताप येणार उद्या."

"ताप?"

"मी सांगणार ताप आहे म्हणून. घरात ठेवणार कोंडून. तुम्ही दुसऱ्या पोरीला द्या." तिने आजूबाजूला पाहिलं. "काल गाडी आमच्या रस्त्याला उभी होती. थांबली, गेली. नवरा उसात झोपला, घरी नाही आला. बाई, झेंडा नको आम्हाला. आमच्याकडे कुणी बघू नये, तेवढं पुरे."

नेरेइदाच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं की तिला भिंतीला हात टेकावा लागला. कुणालाही नाही म्हणायचं नव्हतं, कुणाचंही नाव घ्यायचं नव्हतं. पोरीला ताप आला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ठेव घरी."

"देव भलं करो तुमचं," आनित म्हणाली, आणि ते ऐकून नेरेइदाला तिथे उभं राहवेना.

*

सकाळी चौकात मुलांच्या रांगा लागल्या. निळे शर्ट, खाकी पँट्स आणि स्कर्ट, पांढरे मोजे. बँडवाली पोरं ढोलांचे पट्टे आवळत होती. चर्चच्या पायऱ्यांवर ध्वनिवर्धक ठेवला होता. आणि बदामाच्या झाडाखाली, सावली बघून, जाळीची गाडी उभी होती. दोन माणसं बोनेटला टेकून कागदी पेल्यातून कॉफी पीत होती. गर्दी त्या बाजूला आपोआप विरळ झाली होती.

नेरेइदाने वर्गाच्या कपाटातून झेंडा आणून काठीला बांधला. गाठी पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या. यारित्सा पांढरे हातमोजे घालून तयार होती. तिच्या आईने तिच्या केसांना पांढरी फीत बांधली होती.

"बाई, घाम आला तर मोजे निसटतील का?" यारित्साने विचारलं. तीही घाबरली होती.

"नाही निसटणार," नेरेइदा म्हणाली.

तेवढ्यात रांगेत कुजबुज झाली. साखर कारखान्याच्या रुळांच्या बाजूने मिर्लांद येत होती. बूट हातात, मोजे खिशात, पाय लाल मातीने माखलेले. आणि केस... केस डोक्याभोवती पुन्हा होते तसे, दाट, वर उठलेले, ओले. तिच्या बऱ्याच मागे आनित धावत होती.

मिर्लांद येऊन समोर उभी राहिली आणि वाकून बूट घालू लागली.

"ताप होता ना तुला?" नेरेइदाच्या तोंडून निघालं.

"नाही हो! आई उगाच म्हणते. खिडकीतून आले." तिने केसांना हात लावला. "हे धुतले, बाई. डोकं फार खाजत होतं. चालेल ना?"

नेरेइदाने गाडीकडे पाहिलं. एका माणसाने पेला बोनेटवर ठेवला होता.

एवारिस्तो सर ध्वनिवर्धकात बोलू लागले. देश, शूर पूर्वज, रक्त. मग खाकरले. "आता, आपल्या परंपरेप्रमाणे, सहावीचा झेंडा स्वीकारण्यासाठी पुढे येत आहे... कुमारी यारित्सा..."

यारित्सा पुढे आली. मिर्लांदचा एक बूट अजून हातात होता. तिने सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. सरांचंच काहीतरी चुकलं आहे आणि बाई आता ते दुरुस्त करतील, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

नेरेइदाने काठी घट्ट धरली. पुढे करायची, एवढंच. हात पुढे होईना, मागेही येईना. ऊन चढत होतं. ढोलवाल्या पोराने काठ्या उचलून धरल्या होत्या, त्या त्याने हळूच खाली घेतल्या.

"बाई," सर माइक बाजूला न करताच म्हणाले, "द्या ना."

दोन्या सिओमारा गर्दीतून पायऱ्यांपाशी आल्या. हसतमुख. "दे गं. पोरं उन्हात उभी आहेत."

"पहिली मिर्लांद आली आहे," नेरेइदा म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तिचा तिलाच परका वाटला.

"काय म्हणालीस?"

"पहिली ती आहे."

"तू सांगणार आम्हाला?" दोन्या सिओमारांचं हसू तसंच होतं, डोळे फक्त बदलले. आता त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "हा झेंडा कुणाचा, ते तू सांगणार? आधी सांग सगळ्यांना, तुझी आई कुठली होती! सांग की!"

नेरेइदाने काठी दोन्ही हातांनी धरली. ज्या क्षणापासून आई आयुष्यभर पळत होती तो क्षण हाच, आणि तो असा उन्हात, मुलांसमोर, ध्वनिवर्धकाच्या शेजारी यायचा होता. आसुआ म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. मिर्लांद एका पायात बूट घालून तिच्याकडे बघत होती.

"बातेयमधली," ती म्हणाली. माइकने आवाज पकडला आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आणला. "सात नंबरच्या बातेयमधली. तिथेच जन्मली. तिचे आईबाप पलीकडून आले होते, ऊस तोडायला. मेर्सिलिआ नाव तिचं. तुम्ही तिच्या नवव्याला आला होतात."

बदामाखाली दुसऱ्या माणसानेही पेला खाली ठेवला.

आता थांबलं तर पुन्हा हलता येणार नाही, हे तिला कळत होतं. तिने काठी मिर्लांदच्या पुढे केली. "दोन्ही हातांनी. वरचा हात खांद्याशी. जमिनीला टेकता कामा नये."

"माहीत आहे," मिर्लांद म्हणाली. दुसरा बूट तिने तसाच टाकला.

बँड वाजला नाही. सर माइक धरून नुसते उभे होते. मिर्लांदने झेंडा उचलला, थोडी डगमगली, सावरली आणि चालू लागली. आणि तिच्या मागे सहावीची पहिली रांग हलली. कुणी हुकूम दिला नव्हता. महिनाभर त्यांना एवढंच शिकवलं होतं, झेंडा हलला की चालायचं, आणि ती चालली. मग दुसरी रांग, मग पाचवीची मुलं. यारित्सा क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, मग रांगेतल्या आपल्या जागेवर धावत गेली, मोजे घातलेले हात कुठे ठेवावेत ते न कळून. दोन्या सिओमारा तिला हाक मारत राहिल्या.

रस्त्याच्या दुतर्फा लोक होते. झेंडा जवळ आला की पुरुषांचे हात टोप्यांकडे जात आणि बायकांचे छातीवर. मग झेंडा कुणाच्या हातात आहे ते दिसे, आणि हात तिथेच अडकून पडत. एक म्हातारा पचकन थुंकला, पण टोपी त्याने हातातच धरली होती. मुलं बदामाच्या झाडाजवळ आली. नेरेइदा मिर्लांदच्या आणि गाडीच्या मधून चालत होती. तिला त्या माणसांचे बूट दिसले. बूट जुळले. झेंडा समोरून जाईपर्यंत दोघे ताठ उभे राहिले, डोळे समोर, हात कपाळाशी.

गाडी मागे पडली. नेरेइदाला तेव्हा कळलं, झेंडा हातात आहे तोवर या पोरीला कुणी हात लावणार नाही. आणि त्याच क्षणी पुढचंही कळलं. मिरवणूक कारखान्याच्या फाटकाशी वळते आणि परत चौकात येते. चौकात झेंडा उतरवतात.

मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

आनित धापा टाकत बाजूने आली. टोपली कुठेतरी टाकली होती. ती लेकीच्या दुसऱ्या बाजूला, खांद्याला खांदा लावून चालू लागली. तिचे ओठ हलत होते. मेर्सिलिआच्या आजारपणात खिडक्या लावून ऐकलेले ते शब्द होते, आणि नेरेइदाला त्यातला एखाददुसराच समजत होता.

कारखान्याचं फाटक आलं. डावीकडे परतीचा रस्ता. सरळ गेलं की डांबर संपतं आणि दोन्ही बाजूंना ऊस लागतो, बातेयपर्यंत.

"बाई," मिर्लांदने मान न वळवता विचारलं, "इथून वळायचं ना?"

"नाही," नेरेइदा म्हणाली. "सरळ."

"सरळ तर आमचं घर आहे."

"चल."

मागे रांगा अडखळल्या. कुणीतरी मुलांना नावाने हाका मारत होतं. काही पावलं थांबली, काही डावीकडे वळली, काही मागोमाग येत राहिली. किती ते बघायला नेरेइदाने मान वळवली नाही. आनितने एकदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. तिचा नवरा उसात कुठेतरी लपला होता, आणि हे सगळं तिच्या दारापर्यंत चाललं होतं.

उसात शिरल्यावर वारा थांबला आणि झेंडा काठीला चिकटला. मातीत पावलांचा आवाज येईना, त्यामुळे मागचं इंजिन जास्तच स्पष्ट ऐकू येत होतं. ते जवळ येत नव्हतं, मागेही पडत नव्हतं. झेंड्याला ओलांडून पुढे जाण्याची रीत नव्हती, म्हणून ते माणसाच्या चालीने येत होतं.

"बाई, हात भरून आले."

"टेकवू नकोस."

"नाही टेकवत. पण भरून आले."

नेरेइदाने पोरीच्या हातांखाली काठी धरली. तिचा तळवा घामाने इतका ओला होता की लाकूड निसटत होतं; तिने पकड बदलली. समोर वस्तीतली माणसं घरांबाहेर येऊन उभी राहत होती आणि मागे येणारी गाडी दिसल्यावर मुलांना आत ओढत होती. दारं धडाधड लागत होती. एक म्हातारी मात्र दारात उभीच राहिली, कपाळावर हात धरून, कोण येतंय ते बघत.

"कुठपर्यंत, बाई?" मिर्लांदने विचारलं.

ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती चालत राहिली.